बेथेलची जमीन, मेदकची मजुरी



“हे पोटासाठी ख्रिस्ती झालेले लोक.” हा टोमणा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. कोणी शाळेत ऐकला, कोणी कचेरीत, कोणी लग्नाच्या बैठकीत. वाईट असे की कधीकधी तो आपल्याच माणसांच्या तोंडूनही येतो. आपल्या घराण्यात पुस्तक वाचून, विचार करून बाप्तिस्मा घेतला गेला असे ज्यांना वाटते, ते दुष्काळात आलेल्या घराण्यांकडे जरा वरून पाहतात. मंडळीतली तरुण मुले विचारतात, “खरेच का आपले पणजोबा भाकरीसाठी आले?” आणि आपण विषय बदलतो.

विषय बदलण्याचे कारण नाही. आपला इतिहास नीट पाहिला तर उत्तर सापडते, आणि त्या उत्तरात लाजण्यासारखे काही नाही. मराठी ख्रिस्ती माणसाने हे उत्तर शोधताना पुणे, मुंबई, अहमदनगर यांच्याबरोबर हैदराबादकडेही पाहिले पाहिजे. आपण ते सहसा करत नाही.

हैदराबाद म्हटले की आज चारमिनार आणि बिर्याणी आठवते. पण १९४८ पर्यंत हैदराबाद हे निजामाचे संस्थान होते, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे आपले मराठी जिल्हे त्याच संस्थानात होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग हैदराबादपासून सुटून मुंबई राज्यात आला. म्हणजे मराठवाड्यातल्या आपल्या वाडवडिलांच्या जमिनीचा, शाळेचा, न्यायाचा शेवटचा शब्द शंभर वर्षांहून अधिक काळ हैदराबादला ठरत होता. बेथेलची गोष्ट तिथूनच सुरू होते.

रेव्हरंड नारायण शेषाद्री हे नाव जुन्या माणसांना ठाऊक आहे, नव्यांना नाही. ते ब्राह्मण घराण्यातले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यावरून मुंबईत केवढे वादळ उठले! त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण प्रश्न तिथे संपला नाही. परधर्मीयांच्या घरी जेवलेल्या या पोराला पुन्हा जातीत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून घ्यावे अशी बाजू घेतली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका लहान मुलाने कोणाच्या ताटात अन्न खाल्ले यावरून सगळे शहर पेटले होते. त्या काळी अन्न आणि जात यांची गाठ किती घट्ट होती हे यावरून कळते. पुढचे सगळे समजून घ्यायला ही गाठ लक्षात ठेवावी लागेल.

१८५४ मध्ये नारायण शेषाद्रींना पाळकपदाची दीक्षा मिळाली. शिकलेले, इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व असलेले, मुंबईच्या साहेबांत मान असलेले हे पाळक. त्यांना मुंबईत राहून शिक्षकी करता आली असती. पण पुढे त्यांनी आपले क्षेत्र निवडले ते निजामाच्या मुलखातले जालना. तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती, आणि आजूबाजूच्या गावांत होते मांग आणि महार. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, अशा लोकांच्या वस्तीवर हे ब्राह्मण घराण्यातले पाळक जाऊन बसू लागले. शुभवर्तमान ऐकून लोक येऊ लागले, बाप्तिस्मे होऊ लागले.

आणि बाप्तिस्मा झाला की अडचण सुरू होई. आपल्याकडे गावगाडा कसा चाले हे जुन्या लोकांना सांगायला नको. महाराने मेलेली ढोरे ओढायची, सांगावे पोचवायचे, वेसीवर राखण करायची. मांगाने दोर वळायचे, वाजंत्री वाजवायची. त्याबदल्यात खळ्यावर बलुते मिळे. ते हक्काचे म्हणत, पण मिळे मात्र मेहेरबानीसारखे. माणूस ख्रिस्ती झाला, म्हणाला की मी आता मेलेले ढोर ओढणार नाही, देवापुढे वाजवायला येणार नाही, की बलुते बंद. पाणी तर आधीपासून बंदच. राहते घर गावाच्या जागेवर. मग अशा माणसाला नुसते “प्रभू तुझ्याबरोबर आहे” म्हणून परत त्याच वेसीबाहेर पाठवायचे का? याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहा. उघड्या, उपाशी भावाला गोड शब्द बोलून वाटेला लावणाऱ्यांविषयी तो काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक आहे.

नारायण शेषाद्रींनी जे केले ते मला फार मोठे वाटते. त्यांनी धान्य वाटण्याऐवजी जमीन मागितली. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग, ज्यांनी १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे संस्थानाचा कारभार पाहिला, त्यांच्यापर्यंत हा पाळक गेला आणि जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांच्या वसाहतीसाठी जमीन मिळवली. तीही सुरुवातीची बरीच वर्षे सारा माफ अशा अटीवर. त्या जमिनीवर गाव उभे राहिले, शाळा झाली, दगडी देऊळ झाले. गावाला नाव दिले बेथेल.

ही घटना नुसती डोळ्यांपुढे आणा. मुसलमान दिवाण, ब्राह्मण घराण्यातला ख्रिस्ती पाळक, आणि जमीन मिळते ती मांग-महारांना. ‘आमचे आणि त्यांचे’ या हिशेबात हे कुठे बसवणार? सालारजंग ख्रिस्ती झाले नाहीत, होणारही नव्हते. ते कारभारी होते. पडीक जमीन लागवडीखाली आली तर संस्थानाचा फायदाच, हेही त्यांनी पाहिले असेल. पण देवाने खास्द्यांच्या ऊरमधून अब्राहामाला बोलावले आणि पारसाच्या कोरेश राजाकडून यरुशलेमेचे काम करून घेतले, तो देव हैदराबादच्या दिवाणाकडून काम करून घेऊ शकतो.

नावही किती विचाराने दिले आहे! उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब घर सोडून पळालेला आहे. राहायला जागा नाही, उशाला दगड. त्या रात्री देव त्याला जे वचन देतो त्यात स्वर्गाची शिडी आहेच, पण ज्या भूमीवर तू झोपला आहेस ती तुझी आणि तुझ्या संतानाची, हेही आहे. प्रवचनात आपण शिडीवर जास्त बोलतो. ज्यांच्या नावावर सात पिढ्यांत वीतभर जमीन नव्हती, त्यांनी त्या अध्यायात आधी काय ऐकले असेल?

१८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी जागतिक परिषद भरली, तिथे नारायण शेषाद्री डोक्याला पागोटे बांधून उभे राहिले. अमेरिकन लोकांना त्या पागोट्याचे मोठे अप्रूप वाटले. आजही परदेशी पाहुण्यांपुढे आपले गरीब लोक ‘दाखवले’ जातात तेव्हा मला अवघडल्यासारखे होते, आणि तिथेही थोडे तसेच झाले असेल. तरी या माणसाच्या पागोट्यामागे जालन्याची शेते होती, एवढे खरे.

पण बेथेलची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसता गौरव होईल. वेगळे ख्रिस्ती गाव केले म्हणजे जुन्या गावाचा छळ सुटला, पण जुन्या गावाशी बोलणेही कमी झाले. मराठी मुलखातली अशी अनेक ख्रिस्ती गावे आणि मिशनची आवारे पुढे मिशनरी साहेबाच्या तोंडाकडे पाहणारी झाली. जमीन मिशनच्या नावावर, शाळा मिशनची, भांडण मिटवायचे तेही साहेबाने. पाटलाच्या जागी साहेब आला, असे कोणी म्हटले तर ते पूर्ण खोटे म्हणता येत नाही. साहेब गेल्यावर अनेक मंडळ्यांत मालमत्तेची भांडणे उभी राहिली, त्यांचे मूळ इथेच आहे. कुंपणाने रक्षण होते आणि त्याच कुंपणाने माणूस अडतोही.

आता हैदराबाद शहराकडे येऊ या. शहराच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर मेदक आहे. नाताळच्या दिवसांत मराठवाड्यातूनही गाड्या भरभरून लोक तिथले कॅथेड्रल पाहायला जातात, फोटो काढतात. ते कॅथेड्रल कोणत्या दिवसांत आणि कोणाच्या घामातून उभे राहिले हे फोटोत येत नाही.

चार्ल्स वॉकर पॉस्नेट हे इंग्लंडचे वेस्लियन मेथडिस्ट मिशनरी १८९५ साली हिंदुस्थानात आले. सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या सैनिकांची उपासना चालवायची, एवढेच काम त्यांना करता आले असते. ते मेदकच्या खेड्यांत गेले. तिथले माला आणि मादिगा म्हणजे आपल्याकडचे महार आणि मांगच समजा. भाषा तेलुगू, बाकी वेसीबाहेरचे घर तेच. १९१४ मध्ये कॅथेड्रलचे काम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. सुमारे पावणेदोनशे फूट उंच मनोरा, आत हजारो माणसांची उपासना होईल एवढी जागा.

मेदकची मंडळी पिढ्यान्पिढ्या सांगत आली आहे की हे काम दुष्काळाने काढलेले काम होते. लोक उपाशी होते, पॉस्नेट यांना त्यांना फुकट जेवू घालायचे नव्हते, म्हणून काम काढले. दगड आणा, चुना मळा, माती वाहा आणि आपली मजुरी घेऊन जा. एरवी मला एवढ्या मोठ्या देवळांविषयी शंका असते. उपाशी मुलखात एवढा खर्च कशाला, असा प्रश्न मनात येतो. कोणी तो मेदकबद्दल विचारला तर त्याला वेडा म्हणू नये. पण दुष्काळात खर्च झालेला पैसा कोणाच्या हातात गेला हेही विचारावे. मजूर म्हणून आलेला माणूस संध्याकाळी भिकारी म्हणून घरी गेला नाही, यात त्याच्या बायकामुलांपुढे त्याची मान राहिली.

आपल्याकडे ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. खडी फोडायला गेलेल्या बाया, पाझर तलावाची कामे, हातात आलेली सुकडी. त्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला आणि २००५ मध्ये साऱ्या देशाने तशी हमी दिली. मागेल त्याला काम ही कल्पना भीक देण्यापेक्षा वेगळी आहे. काम मागणाऱ्याचा तो हक्क ठरतो, आणि न मिळाले तर सरकारला जाब विचारता येतो. लेवीय २५ मध्ये योबेल वर्षाचा जो नियम आहे त्याचीही जात हीच. जमीन परत करायची ती श्रीमंताच्या मनात आले म्हणून नव्हे, तर वर्ष आले म्हणून.

तर, पुन्हा त्या टोमण्याकडे. आपले लोक भाकरीसाठी आले का? काही जण नक्की आले. भुकेलेला माणूस भाकरीकडे येतो. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार लोक जेवले आणि दुसऱ्या दिवशी येशूला शोधत सरोवरापलीकडे आले. प्रभूने त्यांना तोंडावर सुनावले की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. टोमणा मारणारे हे वचन कधीकधी आपल्यालाच ऐकवतात. पण क्रम पाहा. प्रभूने आधी जेवू घातले. जेवणाआधी कोणाला विचारले नाही की तुझा हेतू शुद्ध आहे का. आणि बारा टोपल्या उरल्या तेव्हा ज्यांचा विश्वास कच्चा होता त्यांच्याकडून खाल्लेले परत मागितले नाही. खरी भाकर कोणती हे त्याने सांगितले ते पोट भरलेल्या माणसांना. उपाशी माणसाच्या हेतूची चौकशी करणे ही पोट भरलेल्यांची करमणूक आहे. आणि टोमणा मारणाऱ्याला आपण उलट एक प्रश्न विचारू शकतो, रागाने नव्हे, शांतपणे: खळे भरलेले असताना त्या माणसाला उपाशी कोणी ठेवले होते?

दुसरे असे की पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर जातो. दुष्काळ संपल्यावर परत गेलेले पुष्कळ होते, मिशनऱ्यांनी स्वतःच तशा तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. जे राहिले ते कशासाठी राहिले? बलुते गेले, सोयरीक तुटली, तरी राहिले. आपण त्यांचे पणतू.

निजामाबादजवळच्या डिचपल्लीचेही थोडे सांगतो. नांदेड तिथून फार लांब नाही. डॉ. इझाबेल केर या स्कॉटिश डॉक्टर आणि त्यांचे पती जॉर्ज केर १९०७ मध्ये हिंदुस्थानात आले. निजामाबादच्या दवाखान्यात कुष्ठरोगी येत, आणि त्यांना ठेवायला जागा नसे. १९१५ मध्ये डिचपल्लीला त्यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. त्याला मोठी देणगी दिली राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी. पुन्हा तेच. देवाच्या कामाला कोणाचा हात लागेल हे आपण ठरवत नाही. तिथे चालमोग्रा तेलाच्या इंजेक्शनांनी उपचार होत. ते इंजेक्शन भयंकर दुखे, पण काहींचे डाग जात आणि लोक घरी परतत. हे घरी परतणे महत्त्वाचे. तोवर कुष्ठरोग्यासाठी ‘आश्रम’ म्हणजे मरेपर्यंत राहायची जागा असे. इथे त्याला रोगी मानले गेले, म्हणजे बरा होऊ शकणारा माणूस. डिचपल्लीत काम केलेले डॉ. जॉन लो पुढे नायजेरियात गेले आणि तिथे डॅप्सोनच्या साध्या गोळ्या कुष्ठरोग्यांना देता येतात हे त्यांनी दाखवले. कायद्याला मात्र उशीर लागला. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मिळण्याची तरतूद आपल्या देशात २०१९ मध्ये काढली गेली.

कायद्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक, कारण बेथेलची आणि मेदकची गोष्ट तिथे येऊन अडकते. १९५० मध्ये राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जात नाही. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. म्हणजे गावाच्या लेखी माणूस बाप्तिस्म्यानंतरही मांगच राहिला, सरकारच्या लेखी मात्र त्याचे मांगपण त्या दिवशी संपले.

मद्रासच्या फुटपाथवर चपला शिवणारे सूसाई हे ख्रिस्ती चर्मकार सुप्रीम कोर्टात गेले होते. रस्त्यावर बसणाऱ्या अनुसूचित जातीच्या चर्मकारांना सरकार फुकट टपऱ्या देत होते. शेजारी बसणाऱ्या हिंदू चर्मकाराला टपरी मिळाली, यांना नाही. दोघांची आरी तीच, फुटपाथ तोच, ऊन तेच. १९८५ मध्ये कोर्टाने त्यांचा अर्ज फेटाळला. धर्मांतरानंतरही तोच जाच तेवढाच राहतो हे पुराव्याने सिद्ध झालेले नाही, असे कोर्टाने म्हटले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी असे सुचवले. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला गेला. तेलंगणात अशा ख्रिस्ती कुटुंबांना मागासवर्गीयांच्या ‘बीसी-सी’ गटात घातले आहे. त्या गटाला आरक्षण एक टक्का.

पुरावा नाही असे कोर्ट म्हणाले. पुरावा कोण देणार होते? आपणच. आणि आपल्याला तो देताना अवघड जाते, कारण जाच बाहेरच्या गावात आहे तसा थोडा आपल्या आवारातही आहे. सोयरीक बघताना “मूळचे कोण?” हा प्रश्न आपल्याकडे हळू आवाजात विचारला जातोच. दक्षिणेत तर काही ठिकाणी कबरस्थानातही भिंत आहे. नारायण शेषाद्री जातीची गाठ तोडून जालन्याला गेले त्याला दीडशे वर्षे होऊन गेली.

एक विनंती करतो. आपल्यापैकी ज्यांचे वाडवडील जालना, बेथेल किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या ख्रिस्ती वस्तीतून आले, त्यांनी घरातले जुने कागद एकदा काढून पाहावेत. सातबारा, मिशनच्या पावत्या, बाप्तिस्म्याचे दाखले, निजामाच्या काळातले उर्दू कागद असतील तर तेही. उर्दू वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका, वाचून देणारे सापडतात. आणि घरात ऐंशीच्या पुढची आजी किंवा आजोबा असतील तर त्यांना बसून विचारा, गाव का सोडले, पाणी कुठून आणायचे, पहिली जमीन कोणाच्या नावावर झाली, दुष्काळात काय खाल्ले. फोनवर आवाज भरून घेतला तरी चालेल. पुढच्या महिन्यात उपासनेनंतर देवळाच्या मागच्या खोलीत आम्ही काही जण असे कागद एकत्र लावायला बसणार आहोत. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स आणा, आणि मागे पेन्सिलीने घराण्याचे नाव व गाव लिहा.